त्रेपन्न दारांचं बोलावणं

चार जुलैला, स्वातंत्र्याच्या दिवशी, आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडलो गावात तोफ उडवतात, पोरं गळ्याच्या शिरा ताणून ओरडतात आणि एखादा वकील सभाघरासमोरच्या गवतावर उभा राहून दीड तास भाषण ठोकतो. त्या भाषणातले आमचे वाडवडील एकजात शूर असतात. जन्मले तेच मुळी राजाच्या नावाने बोटं मोडत, असं ऐकणाऱ्याला वाटावं. मी सत्तर वर्षांची आहे. दात गेलेत, पण कान शाबूत आहेत, आणि दरवर्षी ते भाषण ऐकताना मला असाहेलकाका आठवतात. त्या वकिलाला काका भेटायला हवे होते. भाषण निम्म्यावर आलं असतं.

असाहेल ट्रिप म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते गेले त्याला आता सत्तेचाळीस वर्षं झाली. मी चार वर्षांची असताना माझे आईवडील एकाच आठवड्यात घटसर्पाने गेले, तेव्हा काकांनी मला खांद्यावर बसवून आपल्या घरी आणलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू तोंडाने फटकळ, पण मक्याची भाकरी अशी करायची की शेजारच्या गावातला पाद्री वाट वाकडी करून आमच्याकडे यायचा. "हिटीला जास्त लाडावू नका, डोक्यावर चढेल," असं काकांना माझ्याबद्दल बजावून सगळ्यात जास्त लाड तीच करायची. ती अंथरुणाला खिळली आणि गेली ते साल सतराशे चौऱ्याहत्तर. त्यानंतर त्या घरात आम्ही दोघंच होतो.

काका गावचे कॉन्स्टेबल होते, तीस वर्षं. आता कॉन्स्टेबल म्हटलं की पोरांना चोर पकडणारा माणूस आठवतो. आमच्या गावात चोर बोटावर मोजण्याइतके, आणि ते कोण हे सगळ्यांना ठाऊक असायचं. कॉन्स्टेबलचं खरं काम बोलावण्याचं. गावसभा भरवायची तर पाच पंच कागद काढायचे, आणि कॉन्स्टेबलने प्रत्येक मतदाराच्या दारात जाऊन ते बोलावणं तोंडाने द्यायचं. नुसता कागद दाराला ठोकून भागत नसे. ज्याच्या दारात बोलावणं गेलं नाही तो उद्या म्हणायचा, मला बोलावलंच नाही, ही सभा मला मान्य नाही. आणि कायद्याने त्याचं म्हणणं खरं ठरायचं. उत्तर टोकापासून गिरणीच्या ओढ्यापर्यंत सगळी दारं घ्यायला दोन दिवस लागायचे. हे लचांड गळ्यात पडू नये म्हणून चांगले धडधाकट लोक निवडून आले तरी दंड भरून सुटका करून घ्यायचे. आणि आमच्या काकांनी, एका पायाने अधू असलेल्या माणसाने, ते मागून घेतलेलं.

"घरात बसलो तर पाय आखडेल," ते म्हणायचे.

"पाय नाही, जीभ आखडेल," काकू म्हणायची. "पन्नासएक घरी गप्पा मारायला मिळतात म्हणून जातात."

त्यांचा पाय अधू झाला होता लुईबुर्गला, पंचेचाळीस साली. फ्रेंचांचा तो किल्ला आमच्या नांगरधाऱ्यांनी आणि कोळ्यांनी इंग्लंडच्या राजासाठी जिंकून दिला, त्या लढाईत. काका अभिमानाने सांगत असं नाही, पण कुणी विषय काढला तर मध्येच उठूनही जात नसत.

लहानपणी मार्चमधल्या मोठ्या सभेच्या बोलावण्याला मी त्यांच्याबरोबर जायची. बर्फ वितळून रस्ते चिखलाने भरलेले असायचे, मेपलच्या झाडांना रसासाठी भांडी लटकलेली असायची. प्रत्येक घराचा वास वेगळा. एका घरी साबण कढत असायचा, दुसऱ्या घरी डुकराच्या मांसाला नुकताच धूर दिलेला. काका पितळी टोकाच्या काळ्या काठीने दारावर तीनदा ठोकायचे, टोपी काढायचे, ताठ व्हायचे आणि आवाज बदलून म्हणायचे, "महाराजांच्या नावाने! येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता सभाघरात हजर व्हावे, गावाच्या कामाबद्दल मत द्यावे." तेवढं म्हणेपर्यंत ते महाराजांचे असायचे. म्हणून झालं की टोपी परत डोक्यावर, आणि आतून कुणीतरी ओरडायचं, "आता आत ये असाहेल, सफरचंदाची दारू काढलीय." मला तळलेल्या पिठाचा गोळा मिळायचा. त्या चवीचं पुढे कुणी काही करून मला घातलं नाही. मीही कितीदा करून पाहिलं, जमलं नाही.

वाटेत काका त्यांच्या आजीच्या गोष्टी सांगत. ती पाच वर्षांची असताना जहाजातून आलेली. पहिला हिवाळा या लोकांनी टेकडीत खणलेल्या बिळात काढला, वर फांद्या आणि माती टाकून. गावाला नाव मात्र दिलं ते मागे सोडलेल्या गावाचं, केंटमधल्या हॅडलोचं. उत्तर टोकाची सपाट शेतं दाखवून काका म्हणायचे, "ही आपण नाही हां साफ केली. आपण आलो तेव्हा तयारच होती." ती ज्यांनी केली त्या इथल्या मूळच्या लोकांतले निम्मे साथीने आधीच मेले होते, उरलेल्यांना पुढच्या लढाईत आमच्याच लोकांनी हुसकलं. त्यांच्यातल्या एका बाईने आजीच्या आईला राखेच्या पाण्यात मका सोलायला शिकवलं, म्हणून ते सगळे वाचले. त्या बाईचं नाव आजीला आठवत नव्हतं, आणि त्याची तिला मरेपर्यंत लाज वाटत होती. काका हे सांगताना आवाज खाली आणायचे.

आणि इंग्लंडला ते 'घर' म्हणायचे. घरून जहाज आलं, घरून नवा कायदा आला, घरी यंदा गहू चांगला पिकला. बॉस्टनच्या पलीकडे त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं, लुईबुर्ग सोडलं तर. पण ज्या घरी आपण कधी गेलोच नाही त्या घराची ओढ त्या पिढीला होती. आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

त्यांना राजाच्या माणसांचे अन्याय दिसत नव्हते असं कुणी समजू नये. कागदावर शिक्क्यांचा कर आला तेव्हा काका रागावले. चहावर कर आला तेव्हा त्यांनी चहा सोडला आणि सेज नावाच्या झुडपाच्या पानांचं कडू पाणी तोंड वेडंवाकडं करून पीत राहिले. विलायती कापड घेणार नाही म्हणून सही करणाऱ्यांत त्यांचं नाव चौथं होतं. फक्त ते दरवेळी म्हणायचे, "महाराजांना हे कुणी सांगत नाही. भोवतीचे लोक चोर आहेत." मग पंच्याहत्तरच्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनला राजाच्या शिपायांच्या आणि आमच्या लोकांच्या गोळ्या चालल्या, आणि त्या शरद ऋतूत खुद्द राजाचं फर्मान येऊन पोचलं की तुम्ही सगळे बंडखोर आहात. खाली सही त्याचीच. त्यानंतर काका ते वाक्य पुन्हा बोलले नाहीत.

त्या हिवाळ्यात आमच्या गिरणीवाल्या झेडॉक प्रूइटचा थोरला मुलगा रूबेन आमच्या सैन्याने बॉस्टनला घातलेल्या वेढ्यात, छावणीतल्या तापाने मेला. एकोणीस वर्षांचा. त्याला आणायला कुणाची छाती होईना, ताप लागेल म्हणून. काका आपले बैल घसरगाडीला जुंपून गेले आणि तीन दिवसांनी त्याला घेऊन आले. झेडॉक त्यांना आधीपासून 'दादा' म्हणायचे. त्या दिवशी ते नुसता काकांचा हात धरून उभे राहिले.

दुःखाने माणूस मऊ होतो म्हणतात. झेडॉक दगड झाले. गावात देखरेख समिती होती, तिचे ते प्रमुख. देशाचा वैरी कोण ते समितीने ठरवायचं आणि तसं जाहीर करायचं. शेजारच्या गावात पीटर हॉलिस नावाचा दुकानदार होता. त्याने भर चौकात राजाच्या आरोग्याचा प्याला उचलला. त्याला वैरी जाहीर केलं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं दळण दळायचं नाही, त्याच्या घरी आग लागली तरी बादली न्यायची नाही. तीन महिन्यांत तो बायकोपोरांसह राजाच्या ताब्यातल्या हॅलिफॅक्सला निघून गेला. जाताना त्याने शेजाऱ्याला हाक मारली, शेजाऱ्याने खिडकी लावून घेतली. त्या दिवशी मी त्या गावी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून पुढे जे झालं तेव्हा मी का घाबरले ते तुम्हाला कळेल.

शहात्तरच्या मे महिन्यात प्रांताच्या विधानसभेने सगळ्या गावांना विचारलं: सगळ्या वसाहतींच्या काँग्रेसने आपण इंग्लंडपासून स्वतंत्र झालो असं जाहीर केलं, तर तुम्ही जीव आणि घरदार पणाला लावून पाठीशी उभे राहाल का? सभा घेऊन कळवा. त्याच सुमाराला नियम निघाला की एक जूनपासून सरकारी कागदावर राजाचं नाव नको. 'मॅसॅच्युसेट्स बेच्या सरकारच्या आणि जनतेच्या नावाने' असं लिहायचं. पंचांनी तसा कागद केला, काकांच्या हातात दिला. काकांनी तो घडी करून खिशात ठेवला. तीस वर्षं त्यांनी कधी कागद उघडून वाचला नव्हता. नजर अधू, आणि शब्द तोंडपाठ. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस ते एकटेच फिरले. मी मागावर कापड काढत होते, घोंगड्यांचं काम सैन्यासाठी घाईचं होतं.

सोमवारी सभाघर गच्च भरलं. सैन्यात गेलेले सोडून गावातले त्रेपन्नच्या त्रेपन्न मतदार आलेले. बायकांना मत नव्हतं, पण वर माडीवर बसून पाहायला कोण अडवतो? आम्ही दहाबारा जणी विणकाम घेऊन बसलो होतो. सभापती एनोस बार्लो, काकांचे लहानपणचे सोबती, अंगाने भरलेले आणि स्वभावाने भित्रे. त्यांनी घसा साफ केला एवढ्यात झेडॉक उठले.

"सभापती, काम सुरू होण्याआधी एक सांगायचंय. मला या सभेला राजाने बोलावलंय."

लोक हसले. झेडॉक हसले नाहीत.

"कॉन्स्टेबल माझ्या दारात येऊन म्हणाले, महाराजांच्या नावाने."

हसू तिथेच विरलं. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "माझ्याही दारात तेच म्हणाले." दुसरा म्हणाला, "माझ्याही." एकेक करून सगळेच. तेव्हा उलगडा झाला. प्रत्येकाला वाटलं होतं की म्हातारा फक्त आपल्याच दाराशी चुकला, आणि बोभाटा कशाला करायचा म्हणून प्रत्येकजण काकांसाठी गप्प बसला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी दारं लावली होती. गावाचं प्रेम असं एकेकट्याने गप्प बसून असतं, आणि सगळं मिळून घोटाळा करतं.

"मग काय झालं?" एक तरुण म्हणाला. "राजानेच बोलावलेल्या सभेत राजाला काढू. सुंठीवाचून खोकला जाईल."

"तुला काय कळतंय?" गावकारकून म्हणाले. ते म्हातारे, काटेकोर. "दक्षिणेचं कुरण आपण कशाने हरलो? सभेचं बोलावणं चुकलं होतं म्हणून. पंचवीस एकर गेलं. कुरणासाठी चालत नाही ते देशासाठी चालेल? उद्या कुणीही म्हणेल, हॅडलोचं मत खोटं."

हे सगळ्यांना पटलं. आमची माणसंच अशी. गळ्याला फास लागायची वेळ आली तरी दोरी कायद्याप्रमाणे वळलीय का ते आधी बघतील.

झेडॉक अजून उभेच होते. "सभा पुन्हा बोलवू. पण मला कॉन्स्टेबलना एक विचारायचंय. हे जिभेने म्हटलं की मनाने?"

काका दाराजवळच्या कॉन्स्टेबलच्या बाकावर होते. ते काठीवर भार देऊन उठले. त्यांनी फक्त 'जीभ चुकली' एवढं म्हणावं, म्हणून मी वरून मनातल्या मनात विनवत होते. दोन शब्दांचं काम होतं.

"पहिल्या आठ दारांना जीभ चुकली," काका म्हणाले. "नवव्या दाराशी माझ्या लक्षात आलं."

"मग?"

"मग काय. टेकडीवरची आठ घरं मागे राहिली होती, पाय सुजला होता. पुढे नवं नाव घेतलं असतं तर निम्मी सभा एकाच्या नावाने आणि निम्मी दुसऱ्याच्या. अशी सभा असते का कुठे? म्हटलं, एकच नाव असू दे."

कारकुनांनी नकळत मान हलवली. युक्तिवाद त्यांना आवडला होता.

"हे पायाचं झालं," झेडॉक म्हणाले. "मी मनाचं विचारलं."

काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "खरं सांगू? मला माहीत नाही. राजाने मला काही दिलं नाही, हे मला कळतं. पण तीस वर्षं त्याचं नाव घेतलं की तुम्ही आलात. दुसऱ्याचं नाव घेतलं आणि कुणीच आलं नाही तर, अशी मला भीती वाटली. मनात राजा होता की भीती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

खरं बोलणाऱ्या माणसाबरोबर राहणं फार त्रासाचं असतं. मी सोळा वर्षांची होते, आणि त्या क्षणी मला काकांचा इतका राग आला की विणायची सुई बोटात रुतली.

झेडॉकच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ते म्हणाले, "बोलावणं पुन्हा द्या. तुम्हीच द्या. पण एका दाराशीही जुनं नाव निघालं, तर समितीला तुमचं नाव जाहीर करावं लागेल. माझा मुलगा ज्याच्याशी लढायला जाऊन मेला त्याचं नाव मी माझ्या दारात पुन्हा ऐकणार नाही."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "चूक माझी, पाय माझे."

गुरुवारी आणि शुक्रवारी आम्ही फिरलो. मी बरोबर गेले, कारण पायाची सूज गुडघ्याच्या वर चढली होती आणि ते काठीपेक्षा माझ्या खांद्यावर जास्त रेलत होते. दोन दारांच्या मध्ये ते ओठांतल्या ओठांत नवे शब्द घोळवत चालायचे.

"मॅसॅच्युसेट्स बेच्या सरकारच्या आणि जनतेच्या," ते पुटपुटायचे. "केवढं लांब नाव गं. राजाचं कसं एका श्वासात व्हायचं."

"बोलू नका काका, विसराल."

"तू काही तुझी काकू नाहीस."

प्रत्येक दाराशी तीन ठोके पडायचे. काका टोपी काढायचे, तोंड उघडायचे, आणि सवयीचा 'म' ओठांवर येऊन थांबलेला मला दिसायचा. नशीब माझं की नवं नावही त्याच अक्षराने सुरू होत होतं. दारातली माणसं काकांकडे न बघता त्यांच्या ओठांकडे बघत होती. शब्द नीट निघाले की बायका मागून सुस्कारा सोडायच्या. कुणी आत बोलावलं नाही. रागाने नव्हे. उगाच बोलण्यात गुंतून पुढच्या दाराशी गडबड नको, म्हणून. एकीने जाता जाता माझ्या हातात भाकरी कोंबली आणि दार लावून घेतलं.

गिरणीवर आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो. झेडॉक पिठाने पांढरे होऊन दारातच उभे होते. काकांनी तरीही दाराच्या चौकटीवर तीन ठोके दिले, टोपी काढली आणि शब्द म्हटले. एकही चुकला नाही.

"पुन्हा म्हणा," झेडॉक म्हणाले.

मी तोंड उघडणार होते, काकांनी माझा खांदा दाबला. त्यांनी पुन्हा म्हटलं, तितकंच सावकाश, तितकंच ताठ. झेडॉकने मान हलवली. "येईन," म्हणाले आणि आत गेले. रस्त्याला लागल्यावर मी त्यांना काय काय नावं ठेवली ते इथे लिहीत नाही. काका म्हणाले, "पोरी, त्याला रूबेनसाठी काहीतरी ऐकायचं होतं. त्याला आणखी दहादा म्हणायला सांगता आलं असतं. त्याने दोनदाच सांगितलं."

संध्याकाळी घरी पोचलो. मी दार उघडायला पुढे झाले, तर काकांनी अडवलं.

"आत जा, आणि दार लावून घे."

"का?"

"बावन्न झाली. मीही मतदार आहे."

मी आत गेले, दार लावलं. तीन ठोके पडले. उघडलं तर काका टोपी हातात घेऊन उभे, सूर्य मागे. त्यांनी आपल्याच घराच्या उंबऱ्याला सगळं बोलावणं म्हणून दाखवलं. मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं.

"येतील," मी म्हटलं.

"येतील खरे," काका म्हणाले. "पण काय म्हणतील ते अजून सांगता येत नाही."

त्या रात्री मी जेवले नाही. समितीने बोलावण्याबद्दलचा दोष सोडून दिला असता, पण भर सभेत 'नाही' म्हणणाऱ्याला कोण सोडणार होतं? त्यांच्या सुजलेल्या पायाला मी गरम पाण्याने शेक दिला आणि शेकता शेकता म्हटलं, "काका, सोमवारी नुसता हात वर करा. मन कुठेही असू द्या." त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

सोमवारी पुन्हा सगळे जमले. त्रेपन्न. कारकुनांनी बोलावणं बरोबर झाल्याचं वाचून दाखवलं, कुणी हरकत घेतली नाही. एनोस बार्लोंनी प्रश्नाचा कागद हातात घेतला, काकांकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "असाहेल, बाहेर कुत्री भांडतायत बहुतेक. बघून ये जरा."

कुत्र्यांना हाकलणं कॉन्स्टेबलचंच काम. काका उठून बाहेर गेले. दार लागताच एनोसनी घाईघाईने प्रश्न वाचला आणि म्हणाले, "हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा." बावन्न हात वर गेले, झेडॉकचा सगळ्यात आधी. कारकुनांनी लिहिलं, एकमताने. माडीवर बायकांनी एकमेकींचे हात धरले. मी कबूल करते, मलाही आनंद झाला. देश स्वतंत्र होणार म्हणून झाला की काका बाहेर होते म्हणून, ते मला त्यांच्यासारखंच ठरवता आलेलं नाही. एनोसबद्दल मला एवढं प्रेम पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

काका आत आले. "कुत्री नाहीत बाहेर," म्हणाले.

"पळाली असतील," एनोस म्हणाले. "ये, बस. झालं काम. एकमताने झालं."

काका बसले नाहीत. लंगडत मधल्या वाटेने पुढे आले. "मी त्रेपन्न दारं वाजवली, एनोस. हात किती झाले?"

कारकुनांनी वहीकडे पाहिलं.

"एका दाराला बोलावलं आणि विचारलं नाही. अशी सभा असते का कुठे?"

"असाहेल," एनोस जवळजवळ रडकुंडीला आले होते, "झालं ते बरं झालं. सगळ्यांना तू हवा आहेस रे गावात. बस ना."

"मला विचार."

एनोस कागद हातात घेऊन नुसते उभे राहिले. तेव्हा झेडॉक प्रूइट बाकावरून म्हणाले, "विचारा त्यांना."

एनोसनी वाचलं. हॅडलोच्या रहिवाशांनी जीव आणि घरदार पणाला लावून स्वातंत्र्याच्या पाठीशी उभं राहावं का? काकांनी टोपी काढली. वरून मला त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस दिसत होते.

"हो," काका म्हणाले. "मी उभा राहीन." मग कारकुनांकडे वळले. "असं लिहा. असाहेल ट्रिपने हो म्हटलं, आणि म्हणताना त्याला फार वाईट वाटलं."

कारकुनांनी लेखणी वर धरली. "असाहेल, वहीत असं लिहिता येत नाही. हो किंवा नाही, एवढंच."

काकांनी थोडा विचार केला. "बरं, नका लिहू. पण तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना?"

बावन्न माणसं मान खाली घालून बसली होती.

"ऐकलं, दादा," झेडॉक म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी काकांना शेजारी बसायला जागा केली.